‘हात’ या शब्दानंतर

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी मनसोक्त रागावून घे, मग पुढचं वाच. तुझ्या वसाहतीत आले, तुझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर (हाकेचं अंतर तुला काय सांगणार म्हणा!) अख्खी प्रचारसभा उभी राहिले आणि घरात पाऊल न टाकता निघून गेले. सभा संपली की भाऊंची गाडी थांबत नाही. गाडीत चढताना मी मागे वळून तुला शोधलं. तू पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढून दोन्ही पंजे हवेत हलवत होतास. तुमच्या त्या बिनआवाजी टाळ्या माझ्यासाठी होत्या असं मी धरून चालले आहे. भाऊंसाठी असतील तर कळव, म्हणजे तेवढा आनंद परत करीन.

ही नोकरी मला झेपते आहे का, तेच मला कळत नाही. भाऊ बोलतात, मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहून ते हातांनी सांगते. काम इतकंच. पण एका गावात शंभर ऐकणारे आणि दोन न ऐकणारे असतात, तिथे चुकलं तरी कोण विचारणार? तुमची वसाहत म्हणजे वेगळीच गोष्ट. छापखान्याने मशीनच्या खडखडाटात टिकतील म्हणून न ऐकू येणारीच माणसं निवडून घेतली, छापखाना बंद पडला आणि माणसं तिथेच राहिली. समोर अर्धी गर्दी माझ्याकडे बघत होती. भाऊंकडे नव्हे, माझ्याकडे.

त्यात तू. शाळेत जाईपर्यंत माझी शाळा म्हणजे तुझा ओटा, तू पत्र्याच्या तुकड्यांवर रंगवलेली अक्षरं, आणि मी चुकले की तुझी ती एक भुवई. गर्दीत ती भुवई दिसते का हे मी सारखी बघत होते.

भाऊंबद्दल तू विचारशीलच. मामा, ते खोलीत आले की माणसं उगीचच खुर्च्या सरळ करतात. परवा मला म्हणाले, “पोरी, मामाचा खोकला कसा आहे?” तुझ्या खोकल्याचं मी पहिल्या दिवशी एकदाच, ओझरतं बोलले होते. लक्षात ठेवलं! मला दिवसभर पंख फुटल्यासारखं वाटत होतं. मग वाटलं, एवढ्याशा गोष्टीने पंख फुटतात म्हणजे माझं वजन किती कमी असेल.

माझे हात कसे दिसले ते लिही. बोटं घाईत अडकत होती का? आणि घरांबद्दलचं ते शेवटचं वाक्य, ते तुला कसं दिसलं ते शब्दाला शब्द लिही. उगीच विचारते आहे.

तुझी,
चुळबुळी

—

९ फेब्रुवारी

चि. चुळबुळीस,

टाळ्या तुझ्याच होत्या. आनंद परत करू नकोस, टपालखर्च फुकट जाईल.

फोनवर का लिहीत नाहीस असं इथे सगळे मला विचारतात. मी म्हणतो, त्या अक्षरांना पोट नसतं. तुझ्या ‘भ’ला अजून पोट आहे, बरं वाटलं.

तुझे भाऊ पाहिले. आवाज काढून टाकला की माणसात काय उरतं ते मला नेहमीच दिसतं. बहुतेकांच्या बाबतीत नुसतं हलणारं तोंड उरतं. यांच्या बाबतीत पुष्कळ उरतं, हे मान्य. हे हनुवटी वर करतात आणि पुढच्या चार रांगा एकदम श्वास आत घेतात. हे थांबतात तेव्हा लोक पुढे झुकतात. मी रंगारी माणूस, मला कळतं की पाटीत अक्षरापेक्षा मोकळी जागा जास्त काम करते. या माणसाला मोकळी जागा कुठे सोडायची ते बरोबर माहीत आहे.

आता तुझे हात. सुरुवातीला घाई. मधे ठीक. पण शेवटचं वाक्य! मी जिवंत असेपर्यंत, तुमच्या घरांना, कुणालाही हात लावू देणार नाही. ते ‘नाही’ तू दोन्ही तळव्यांनी असं छाटलंस की माझ्या शेजारचे म्हातारे मशीनमन, जे बायको गेली तेव्हाही रडले नव्हते, ते माझा खांदा धरून रडले. तुझी आई असती तर तिने सगळ्या वसाहतीला जेवायला बोलावलं असतं.

तुला माहीतच आहे, रस्ता रुंद करायचा म्हणून नगर कार्यालयाला आमची घरं हवी आहेत. कालव्यापलीकडची इमारत बांधून तयार आहे. २८ तारखेपर्यंत संमतीची सही केली तर तळमजल्याची खोली निवडून घेता येते, नंतर उरेल ते, तेही वर. मी सही करणार होतो. लांब पाट्या जिन्यावरून कशा चढवणार? तळमजला गेला की माझा धंदा गेला. अगदी पेन काढून बसलो होतो. सभेनंतर पेन खिशात घातलं. सगळ्यांनीच घातलं.

आणि मला काम मिळालं आहे, फुकटचं. वसाहतीच्या तोंडाशी जी लांब भिंत आहे तिच्यावर भाऊंचं वाक्य रंगवायचं. पुलावरून जाणाऱ्या गाड्यांना वाचता यावं एवढं मोठं. ‘नाही’ लाल रंगात करतो आहे.

तुझा,
मामा

—

१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गाडीत, मग एका उपाहारगृहाच्या बाकावर, मग पुन्हा गाडीत.

एक विचारू? तू सही करून का ठेवत नाहीस? नुसती करून ठेव. घरं राहिली तर राहिली, नाहीतर तळमजला तरी हाताशी असेल. दोन्ही बाजूंनी बरंच की. तुझा खोकला, त्या घरातली ओल, मागच्या भिंतीची भेग, सगळं धरलं तर नव्या खोलीत वाईट काय आहे? मी काही म्हणत नाही. मी फक्त व्यवहार बघते आहे.

आणि भिंत रंगवायची घाई कशाला? ‘नाही’ शेवटी कर. म्हणजे शेवटी असतंच ते, पण अगदी शेवटी कर. निवडणुकीनंतर कर.

इथे सगळं ठीक आहे. मला झोप कमी लागते, पण गाडीत डुलक्या काढते. काल एका कापड कारखान्याच्या आवारात सभा होती. तिथल्या बायका कामावरून सुटून घरी निघाल्या होत्या, पाय ओढत. भाऊ मोटारीच्या पायरीवर उभे राहिले, काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. एकेक बाई थांबत गेली. मग म्हणाले, “दमलात ना?” एवढंच! आणि त्यांच्यातली एक ढसाढसा रडली, तिला म्हणे वर्षानुवर्षं कुणी हे विचारलंच नव्हतं. माझेही डोळे भरले. नंतर त्याच बाईने मला विचारलं, “पगाराचं काय म्हणाले हो भाऊ?” मी म्हटलं, पगाराचं काही बोलले नाहीत. ती म्हणाली, “बोलले की. तुमचं लक्ष नव्हतं.”

मामा, माझं लक्ष होतं.

आमच्या गाडीचा सगळा कारभार बघणारे व्यवस्थापक काका आहेत, सतत वेलदोडे चघळत असतात. त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “बाई, भाऊ वचनं देत नाहीत. भाऊ धीर देतात. दोन्हीत फरक आहे.” आणि मला एक वेलदोडा दिला.

सही करशील ना? उलट टपाली कळव.

तुझी,
चुळबुळी

—

१६ फेब्रुवारी

चि. चुळबुळीस,

उलट टपाली कळवतो आहे.

लहानपणी तुझ्या हातून रंगाचा डबा सांडला की तू मला आधी हवापाण्याच्या गप्पा सांगायचीस. ओल, भेग, खोकला हे सगळं हवापाणी आहे. डबा कुठे सांडला ते लिही.

मला दोन गोष्टी सुचतात. एक, भाऊंनी शब्द फिरवला आहे, नगर कार्यालयाशी आतून जुळवून घेतलं आहे आणि तुला ते कळलं आहे. तसं असेल तर स्पष्ट लिही, तुझं नाव बाहेर येणार नाही. दुसरी गोष्ट मला सुचली नसती, पण इथे परवा भांडण झालं.

बेकरीवाल्याला ऐकू येतं, त्याच्या बायकोलाही येतं, ते तुला ठाऊक आहे. मी भिंतीवर ‘हात’पर्यंत आलो होतो, शिडीवर होतो. खाली ती दोघं उभी. नवरा मला खुणेने म्हणाला, झकास. बायको त्याच्याशी काहीतरी बोलली. त्याने तिला झिडकारलं. मी खाली उतरलो आणि म्हटलं, काय ते माझ्या पाटीवर लिहा. तिने लिहिलं, “भाऊ ‘हात’ म्हणाले आणि थांबले. पुढचं लोक ओरडले.” नवऱ्याने तिच्या हातातून खडू घेतला, लिहिलं, “म्हणाले! मी या कानांनी ऐकलं!” तिने खडू परत घेतला, “तुमच्या त्या कानांना मी दळण आणा म्हटलेलं ऐकू येत नाही.”

मी हसलो. नंतर हसू थांबलं.

तू व्यासपीठावर होतीस, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. मला लांबलचक पत्र नको. भाऊ ‘देणार नाही’ म्हणाले, की म्हणाले नाहीत?

मी शिडी तिथेच लावून ठेवली आहे.

मामा

—

१९ फेब्रुवारी

मामा,

म्हणाले नाहीत.

लांबलचक पत्र नको म्हणालास, पण मला ते लिहायला हवं, नाहीतर तुला वाटेल की मी खोटं सांगितलं. आणि मला स्वतःलाच नीट माहीत नाही की मी काय केलं.

आपल्या भाषेत वाक्याचा जीव शेपटीत असतो. ‘हात लावू देईन’ आणि ‘हात लावू देणार नाही’ ही दोन वाक्यं शेवटपर्यंत एकसारखीच चालतात. म्हणून मी नेहमी अर्धं पाऊल मागे राहते. शब्द येतात, मी ते हातात धरून ठेवते, क्रियापद पडलं की मग वाक्य सोडते. भाऊ म्हणाले, “मी जिवंत असेपर्यंत तुमच्या घरांना कुणालाही हात...” आणि थांबले. हनुवटी वर, डोळ्यांत पाणी, बाहू पसरलेले. ऐकू येणारी गर्दी फुटली. इतका आवाज झाला की व्यासपीठाच्या फळ्या माझ्या पायाखाली थरथरल्या. तुलाही जमिनीतून जाणवला असेल.

आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता. तू, म्हातारे मशीनमन, पुढच्या रांगेतल्या त्या जुळ्या बहिणी. माझे हात हवेत होते. मला क्रियापद हवं होतं. मी भाऊंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मामा, मला ते ऐकू आलं. शपथेवर सांगते, ‘देणार नाही’ मला त्यांच्याच आवाजात ऐकू आलं. आणि मी छाटलं, तुला आवडलं तसं, दोन्ही तळव्यांनी. आयुष्यात इतकी सुंदर खूण मी कधी केली नव्हती.

गाडीत बसेपर्यंत मला शंका यायला लागली. ध्वनिमुद्रण ऐकलं. त्यात ‘हात’ आहे, मग गर्दी आहे. भाऊ नाहीत.

तरी मी गप्प बसले, कारण वाटलं, त्यांना तेच म्हणायचं असेल. मग तुझं पहिलं पत्र आलं. मी धीर करून भाऊंनाच विचारलं. ते पुढच्या आसनावर संत्रं सोलत होते.

“भाऊ, वसाहतीतल्या सभेत तुम्ही ‘हात’ म्हणालात. पुढे काय म्हणणार होतात?”

“पुढे? पुढचं लोक म्हणाले ना.”

“ऐकू येणारे म्हणाले. बाकीच्यांना मी सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“देणार नाही, म्हणून.”

“मग झालं तर!” त्यांनी मागे वळून मला अर्धं संत्रं दिलं. “छान सांगितलंस. मामा भिंत रंगवतायत म्हणे? माणूस गुणी आहे हो तुझा मामा.”

मी म्हटलं, “पण भाऊ, तुम्ही खरंच घरं वाचवणार आहात ना?”

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं. म्हणाले, “पोरी, तुला काय वाटतं?”

आणि मला वाटलं, हो. गाडीतून उतरेपर्यंत मला हो वाटत राहिलं. उतरून चार पावलं चालले, तेव्हा लक्षात आलं की तेही उत्तर मीच दिलं होतं. संत्रं मी खाल्लं, हेही लिहून टाकते.

सही कर. २८पर्यंत कर. सगळ्यांना सांग, माझ्या नावाने सांग. मीच येऊन सांगितलं असतं, पण रोज नवं गाव आहे आणि मध्येच सुटले तर २६ला तुमच्याकडे पुन्हा सभा आहे, तिथे व्यासपीठावर दुसरंच कुणीतरी उभं असेल. ते मला चालणार नाही.

चुळबुळी

—

२२ फेब्रुवारी

चि. चुळबुळीस,

मी रागावलो आहे. दोन दिवस थांबून लिहितो आहे, तरी राग आहे तसाच आहे.

एक गोष्ट नीट समजून घे. मी तुझ्या भाऊंवर विश्वास ठेवलाच नव्हता. आवाजावर विश्वास ठेवायची मला सोयच नाही. मी तुझ्या हातांवर विश्वास ठेवला.

हे एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

काल सगळ्यांना अंगणात जमवलं आणि सांगितलं. तुझं पत्र दाखवलं. काय झालं असेल? तुला वाटत असेल लोक चिडले. चिडले, पण माझ्यावर.

म्हातारे मशीनमन म्हणाले, “पोरगी घाबरली आहे. तिच्यावर दबाव आहे.”

मी म्हटलं, “ती सांगते आहे की भाऊ तसं म्हणालेच नाहीत.”

“म्हणाले. मी पाहिलं.”

“कुठे पाहिलंत?”

“तिच्या हातांत.”

“अहो, तीच म्हणते ते तिचं होतं, भाऊंचं नव्हतं!”

“तिला काय कळतंय? लहान आहे ती.”

जुळ्या बहिणींपैकी थोरली (ती पाच मिनिटांनी थोरली आहे आणि जन्मभर त्या पाच मिनिटांवर मिरवते) म्हणाली, “तू सही करून तळमजल्यातली चांगली खोली लाटणार, म्हणून आम्हाला हे सांगतोस.” मग बेकरीवाल्याची बायको मध्ये पडली, जी खडूवरून भांडली होती तीच. तिने पाटीवर लिहिलं, “म्हणाले नसतील. पण त्यांच्या मनात तेच होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला.” सगळ्यांनी माना डोलावल्या. जिने ‘नाही’ ऐकलंच नव्हतं तीसुद्धा त्यांच्या बाजूची झाली.

मी भिंतीवर ‘हात’च्या पुढे काही रंगवलेलं नाही. पण गंमत बघ. आज सकाळी एक परका माणूस पुलावरून उतरून आला, भिंतीचा फोटो काढला आणि मला फोनवर लिहून दाखवलं, “वा! हात लावू देणार नाही! शाबास!” भिंतीवर ‘हात’ आणि पांढरा चुना आहे. बाकी त्याने घरून आणलं होतं.

मी सही केलेली नाही. त्या थोरलीच्या बोलण्यामुळे म्हण हवं तर. २६ला भाऊ पुन्हा इथे येणार आहेत. मी अगदी पुढे उभा राहीन. ते पुन्हा थांबले तर तूही थांब. पुढचं मी विचारतो.

मामा

—

२७ फेब्रुवारी

मामा,

तू तिथे होतास, सगळं तू पाहिलंस, मग मी काय लिहिणार असं तुला वाटेल. पण जे तुझ्यापर्यंत पोचलं नाही ते सांगायचं कुणी? ते माझंच काम.

भाऊंनी वाक्य तेच घेतलं. लोक ते मागतच होते, पहिल्यापासून ‘घरं! घरं!’ असं ओरडत होते. “तुमच्या घरांना कुणालाही हात...” आणि थांबले. मीही थांबले. माझे हात ‘हात’वर थांबले. मामा, ते किती अवघड होतं ते सांगता येत नाही. शिंक दाबून धरावी तसं सगळं अंग दुखत होतं. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता, आणि मशीनमनचे तळवे तर आपणहून उठले, माझ्याऐवजी त्यांनीच छाटलं! मग जुळ्या बहिणींनी. मग मागच्यांनी. मी काही दिलं नाही तरी रांगांमधून ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ पसरत गेलं. भाऊंनी माझ्याकडे तिरकं पाहिलं आणि किंचित हसले.

तेव्हा तू हात वर केलास. “हातच्या पुढे काय?”

तुझं बोलणं आवाजात सांगायचं, हेही माझंच काम आहे. ते काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं, कारण खालून वर कुणी काही विचारत नाही. मी भाऊंच्या समोरचा माइक ओढला. माझा आवाज चिरका निघाला. म्हटलं, “समोरचे गृहस्थ विचारतायत, ‘हात’च्या पुढे काय? वाक्य पुरं करा.”

सगळं शांत झालं. तुझ्यासाठी ते तसंच असेल, पण मामा, तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बेकरीवाल्याचा शिंकू पाहणारा पोरगासुद्धा थांबला. मला वाटलं, आता. हो म्हणोत की नाही म्हणोत, आता क्रियापद येणार.

भाऊ खाली उतरले. ते तू पाहिलंस. तुझ्यापर्यंत आले, तुझे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले आणि छातीशी लावले. तेव्हा ते काय म्हणाले ते ऐक. लोकांकडे वळून म्हणाले, “मित्रहो, या माणसाला ऐकू येत नाही. पण माझं काळीज त्यानेच ऐकलं!”

बायका रडत होत्या. बेकरीवाला रडत होता. छायाचित्रकार एकमेकांना ढकलत होते. सगळ्यांना दिसलं की एक थोर माणूस एका साध्या माणसाचे हात हातात घेऊन उभा आहे. मला दिसलं की तू बोलायला बघतो आहेस आणि तुझं तोंड कुणीतरी दाबून धरलं आहे. तुझी मनगटं वळत होती. मी माइकमध्ये म्हणाले, “त्यांचे हात सोडा. त्यांना बोलायचं आहे.” दोनदा म्हणाले. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. व्यवस्थापक काकांनी माइक माझ्या हातातून अगदी हळुवार काढून घेतला, झोपलेल्या बाळाच्या हातातला खुळखुळा घ्यावा तसा.

आणि ऐक, त्यांनी मला हाकललं नाही. गाडीत भाऊ म्हणाले, “पोरी, आज तू कमाल केलीस. असा प्रश्न रोज कुणीतरी विचारायला हवा.” काका लगेच म्हणाले, “ठेवू या का कार्यक्रमात?” मी पुढच्या थांब्यावर पाणी आणते म्हणून उतरले आणि परत चढले नाही. बॅग गाडीतच राहिली. सध्या मैत्रिणीकडे आहे, तिचेच कपडे घालते आहे, ते मला आखूड होतात.

उद्या २८, म्हणून हे पत्र टपालाने नाही, हातोहात पाठवते आहे. सही कर, मामा. मी आणखी काय सांगू? माझ्या सांगण्याचं वजन मीच घालवलं आहे. तरी सांगते.

चुळबुळी

—

१४ मार्च

चि. चुळबुळीस,

उशीर झाला, सामान हलवत होतो. पत्त्यावरून तुझ्या लक्षात आलं असेल.

निकाल तू माझ्याआधी वाचला असशील. आमच्या वसाहतीतून भाऊंना एक मत कमी पडलं असेल, त्यावरून त्यांचं काही अडलं नाही. वर्तमानपत्रातला तो फोटो बेकरीत चिकटवला आहे. त्यात माझा चेहरा असा आलाय की बघणाऱ्याला वाटावं मी गहिवरलो आहे. मी हात ओढत होतो.

पण तू खरं ते सगळं लिहिलंस, तर मीही एक लिहितो. त्यांचे हात ऊबदार होते. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि क्षणभर मी ओढायचं थांबलो. प्रश्न माझाच होता, तोंडही माझंच दाबलेलं होतं, आणि तरी क्षणभर मला वाटलं की सगळं ठीक होणार. तुझ्यावरचा माझा राग तिथे गेला. तू तर व्यासपीठावर होतीस, आणि वय ते काय तुझं.

२८ला सकाळी नगर कार्यालयात गेलो. मला वाटलं होतं तळमजला संपला असेल, रांग असेल, भांडावं लागेल. तिथला कारकून एकटा बसून नखं कापत होता. आमच्या वसाहतीतून सही करणारा मी पहिला. त्याने नकाशा माझ्यापुढे सरकवला आणि खुणेने सांगितलं, कुठलीही घ्या. मी कोपऱ्यातली घेतली. रुंद दार, सरळ रस्त्यावर उघडणारं, लांबातली लांब पाटी आडवी बाहेर निघते. उजेड उत्तरेचा, रंगाला यापेक्षा चांगला उजेड नाही. एवढी चांगली जागा मला जन्मात मिळाली नव्हती.

सामान नेताना वसाहतीतलं कुणी आडवं आलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं कुणी बघितलं नाही. आमच्यात न बघणं म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. मशीनमनच्या ओट्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. ते जमिनीकडे बघत बसले.

परवापासून तिकडे मोजणीवाले यायला लागले आहेत, हातात फिती आणि खडू. घरांवर खुणा करतात. लोक त्यांना पाणी देतात आणि हसतात, कारण भाऊ येणार आहेत. तळमजल्यावर अजून अकरा खोल्या रिकाम्या आहेत. मुदत गेली आहे, पण मी कारकुनाला दर दोन दिवसांनी जाऊन भेटतो. तो म्हणतो, कुणी लवकर आलं तर बघू.

तू ये. रागाचं काही उरलेलं नाही, आणि मैत्रिणीचे आखूड कपडे किती दिवस घालणार? इथे दोन माणसांना पुरेल एवढी जागा आहे. आणि मला तुझं काम आहे. माझी खिडकी कालव्यावर आहे, पलीकडे वसाहतीचं अंगण दिसतं. स्वच्छ उजेडात एवढ्या अंतरावरून आपली भाषा सहज वाचता येते. मी रोज सकाळी खिडकीत उभा राहून त्यांना सांगतो, अकरा खोल्या आहेत, या. अजून कुणी मान वर केलेली नाही. तुझे हात माझ्यापेक्षा मोठं बोलतात.

मामा